फार्माकॉलॉजी घोकू नका, आजीचा गोळ्यांचा डबा घेऊन बसा

डी.फार्मला (फार्मसीचा डिप्लोमा) फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात तो विषय, सुरू झालं की नुसती नावं बघूनच घाम फुटतो. मी पण आधी घोकत बसायचो आणि पेपरात सगळं पार कोरं. मग एकदा आजीचा डबा पुढ्यात घेतला, एकेका गोळीच्या मागे लागलो आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरायला लागलं.

आधी स्ट्रिपवरचं मोठं ब्रँडचं नाव सोडा, बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा आणि त्याचं शेपूट बघा. प्राझोल असेल तर ॲसिडिटीची, सार्टन असेल तर बीपीची, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची. (ॲरिपिप्राझोल मात्र मानसिक आजारावरची आहे, ॲसिडिटीशी काही संबंध नाही, व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला माझी इथेच विकेट गेली.)

मग प्रत्येक गोळीला एवढंच विचारायचं, की बाई तू आत कशी शिरलीस, कुठे जाऊन चिकटलीस, तिथे काय केलंस आणि बाहेर कशी पडलीस.

पॅन्टोप्राझोलच घ्या. ही ॲसिडमध्ये टिकत नाही म्हणून वर खास कोटिंग असतं, ते आतड्यात गेल्यावर सुटतं (त्यामुळे ही गोळी कुटून द्यायची नाही), तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून परत पोटाच्याच ॲसिड बनवणाऱ्या पेशींकडे येतं, म्हणजे पुढच्या दाराने नाही तर मागच्या दाराने. तिथल्या ॲसिडमध्येच ती ॲक्टिव्ह होते आणि ॲसिड सोडणाऱ्या पंपाला कायमची चिकटते. आता गंमत बघा, हिची हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम तासाभराची, पण असर दिवसभर, कारण चिकटलेला पंप बाद झाला तो झालाच, शरीराला नवीन बनवावा लागतो. आणि पंप जोरात चालू होतात खाल्ल्यावर, म्हणून नाश्त्याच्या अर्धा तास आधी. हे एकदा कळलं की 'उपाशीपोटी' वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता थायरॉईडची गोळी, ही पण उपाशीपोटीच, पण कारण वेगळं. अन्न, चहा-कॉफी, कॅल्शियम, लोह यांच्यामुळे ती नीट शोषलीच जात नाही, म्हणून कॅल्शियम-लोहाच्या गोळीत 4 तासांचं अंतर. हिची हाफ लाइफ साधारण 7 दिवस. नियमित घेतलेल्या बहुतेक औषधांची रक्तातली लेव्हल स्थिर व्हायला 4-5 हाफ लाइफ लागतात, करा हिशोब, महिना-सव्वा महिना झाला ना? म्हणूनच डोस बदलला की डॉक्टर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगतात, आणि आपली आजी चौथ्या दिवशी म्हणते काही फरक नाही.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (हृदयाच्या त्रासाने छातीत दुखलं तर घ्यायची गोळी) दिसली तर तिथेच लिव्हरचा धडा करून टाका. गिळलेलं औषध आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे बरंचसं खलास होतं, जिभेखालून मात्र थेट रक्तात.

पॅरासिटामॉलला साधी समजू नका, तिचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो, नेहमीच्या डोसात लिव्हर तो निपटतं पण गोळी जास्त झाली की तो निपटणाऱ्या पदार्थाचा लिव्हरमधला साठा संपतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पण तीच असते, म्हणून दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून मिलिग्रॅमची बेरीज करा.

आणि हो, डबा बघून झाला की गोळ्या होत्या त्याच खणात परत ठेवा, मी अदलाबदल केली होती आणि आजीने आठवडाभर डब्याला हात लावू दिला नाही.