एका खोलीतली भुताची फिल्म करताय? या चुका टाळा

'एकच खोली, तीन नट, दोन रात्री. स्वस्तात होईल, दादा.' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी एडिट आणि साउंड करतो, त्यामुळे शूटिंगची सगळी पापं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतात.

उदाहरण सगळ्यांचं ठरलेलं असतं, 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' ही अमेरिकन भुताची फिल्म. २००६ साली, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, सात दिवसांत, साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट झाली. हे पाठ असतं. पण त्या सात दिवसांआधी तो दिग्दर्शक, ओरेन पेली, जवळजवळ वर्षभर ते घर तयार करत होता, भिंती रंगवत होता, फर्निचर आणत होता, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे लोकेशन बघायलाच शूटिंगच्या दिवशी सकाळी जातात.

फ्रीज

हो, फ्रीज. आमच्या पहिल्या फिल्मची खोली होती जुन्या वाड्यातली, दहा बाय बारा, शहाबादी फरशी. बाहेरच्या सोप्यात घरमालकीण काकूंचा फ्रीज. त्याची घरघर आम्हाला ऐकूच आली नाही, कारण तासाभरात कान सरावतात. मोठा प्रसंग होता, दार आपोआप उघडतं तो. टेबलावर जोडायला घेतला, तर एका शॉटमध्ये घरघर आहे, पुढच्यात नाही, तिसऱ्यात मध्येच सुरू होते. कॉम्प्रेसर त्याच्या मर्जीने चालू-बंद होत होता आणि आम्ही आमच्या मर्जीने शॉट घेत होतो. सलग आवाज असेल तर तो बराचसा काढता येतो. असा येणारा-जाणारा नाही. शेवटी मी पुन्हा वाड्यात गेलो, दहा मिनिटं फ्रीज रेकॉर्ड केला आणि अख्ख्या प्रसंगाखाली पसरला. बघणारे म्हणाले, काय वातावरणनिर्मिती केलीय!

दुसऱ्या फिल्मला शहाणपण आलं. फ्रीज आधीच बंद केला, आणि पॅकअपनंतर चालू करायला विसरलो. मे महिना. आत दोन पातेली आमरस. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

त्याच सवयीतली दुसरी गोष्ट म्हणजे रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो. एडिटमध्ये शॉटमधल्या आवाजाच्या फटी त्यानेच बुजतात. प्रत्येक सेटअपनंतर, म्हणजे कॅमेरा-दिवे एका जागी लावून शॉट झाले की, सगळ्यांना आहे तिथेच उभं करायचं आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. या एका मिनिटाला जो उसासे टाकतो, त्याला पुढच्या वेळी मी बोलावत नाही. खोली घुमत असेल तर फ्रेमबाहेर गोधड्या टांगा. फुकट मिळालेली किंकाळी आणि ढोलाचा दणका घालून आवाजातलं भोक बुजत नाही.

अंधार म्हणजे दिवे बंद करणं

नवशिक्यांचा हा लाडका समज. दिवे घालवायचे, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवायचा आणि 'मूड आलाय' म्हणायचं. मूड नाही, मुंग्या येतात. काळा रंग खरखरीत दिसतो आणि मोबाइलवर पाहिलं तर नुसतंच मिट्ट. अंधारालाही उजेड लागतो. मी आधी एक दिवा ठरवतो, जो गोष्टीत खरोखर आहे, म्हणजे देवघरातली समई किंवा जिन्यातला बल्ब. बाकीचे लपवलेले दिवे त्याच दिशेने येतात. चेहऱ्याची एक कड दिसली की उरलेलं प्रेक्षक स्वतःच भरतो. आणि मोबाइलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे फोन आपणहून उजेड कमी-जास्त करणार नाही. नाहीतर नटाने मेणबत्ती उचलली की अख्खी खोली श्वास घेतल्यासारखी उजळते-मावळते.

स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे येतात, तेही 'कॅमेरा खराब' म्हणून माझ्या गळ्यात पडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद ठेवा. तरीही पट्टे दिसले तर बल्ब बदला, वाद घालू नका.

खोली कुठून कुठपर्यंत?

दार कुठे, खिडकी कुठे, हे प्रेक्षकाला पहिल्या दोन-तीन मिनिटांत कळलं पाहिजे. खोलीचा नकाशाच माहीत नसेल, तर कोपऱ्यात काय उभं आहे याची भीती वाटणार कशी? मी वहीत नकाशा काढतो आणि एक कोपरा मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवतो. पहिल्याच दिवशी उत्साहात चारही भिंती दाखवून मोकळं होऊ नका.

आणि ती माणसं बाहेर का पडत नाहीत? 'रेंज नाही' हे कारण आता चालत नाही. आजारी आजी आतल्या खाटेवर आहे म्हटलं की प्रश्न मिटतो.

बाकीच्या, भराभर

मेणबत्त्या डझनभर, एकाच मापाच्या आणा. शॉटगणिक उंची कमी-जास्त झाली की भुतापेक्षा मेणबत्तीच जास्त लक्षात राहते.

आरशात बूमवाला, म्हणजे लांब काठीवर माइक धरणारा, दिसतो. दर वेळी.

किंकाळ्या रात्रीच्या शेवटी घ्या, आधी घेतल्या तर संवादाला गळा उरत नाही. शेजाऱ्यांना मात्र आदल्या दिवशी सांगून या.

नटाला खरंच बाहेरून कडी घालू नका, 'खरी भीती दिसेल' म्हणून तर अजिबात नाही. खोलीत ज्योत असेल तर पाण्याची बादली आतच हवी.

नकली रक्त आधी जुन्या फडक्यावर आणि भिंतीच्या न दिसणाऱ्या भागावर लावून बघा. खायचा लाल रंग चुन्याच्या भिंतीत मुरतो. आम्ही तीनदा सफेदी केली, तरी गुलाबी डाग वर आलाच. काकूंनी आता तिथे कॅलेंडर लावलंय.