फ्लॅश हायडर जाम झालाय? पक्कड उचलण्याआधी या चुका टाळा

पावसाळा संपला, एअरसॉफ्ट रायफल (प्लॅस्टिकच्या छऱ्यांची खेळातली बंदूक) माळ्यावरून खाली आली, ट्रेसर (छरे उजळवणारं उपकरण) लावायचा म्हणून फ्लॅश हायडर, म्हणजे नळीच्या तोंडावरचा खाचांचा तुकडा, फिरवायला गेलात, तर तो जागचा हलत नाही. गोव्यात कळंगुट-कोलव्याकडच्या खाऱ्या हवेत असं फार होतं. फ्लॅश हायडर जागेवर धरणारा बारीक पोलादी ग्रब स्क्रू ॲल्युमिनियमच्या नळीला टेकून चार महिने ओलाव्यात राहिला की सांध्यात पांढरी भुकटी धरते. तो ॲल्युमिनियमचा गंजच, फक्त तांबडा नसतो म्हणून लक्षात येत नाही.

नळी धरायचा खास ब्लॉक घरी कोणाकडे नसतो. त्याशिवायही काम होतं. पण आधी त्याला काय धरून ठेवतंय ते शोधायचं. कारणं चारच: ग्रब स्क्रू, सांध्यातला गंज, थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) किंवा तुम्ही उलट्या बाजूने फिरवताय.

सुरुवातीला मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला सेमीवर (एका वेळी एक शॉट) दोन-तीन रिकामे शॉट मारा, मग बॅटरी सोडवा. बॅटरी पुढच्या हँडगार्डमध्ये असेल तर ती बाहेरच काढून ठेवा. पुढे नळी तापवायची वेळ येऊ शकते आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीशेजारी गरम हवा नको.

दिशा चुकणे

ही चूक सर्वात महागात पडते. बहुतेक एम-4 नमुन्याच्या एअरसॉफ्ट रायफलींच्या नळीला 14 मिलिमीटरचे उलटे आटे असतात. म्हणजे नळीच्या तोंडाकडून पाहिलं तर फ्लॅश हायडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. सवयीने आपण उलट फिरवतो आणि तो आणखी आवळतो. काही मॉडेलना सरळ आटेही असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी मॅन्युअल किंवा त्याच मॉडेलचा सुट्या भागांचा फोटो बघून घ्या.

यात एक फसवी गोष्ट आहे. बऱ्याच रायफलींची बाहेरची नळी दोन तुकड्यांची असते आणि पुढचा तुकडा साध्या, सरळ आट्यांवर बसवलेला असतो. चुकीच्या दिशेने फिरवलंत की फ्लॅश हायडर आवळलेलाच राहतो आणि त्याच्यासकट पुढचा तुकडा सुटू लागतो. हाताला वाटतं, निघतंय! म्हणून फ्लॅश हायडर आणि नळी यांच्या सांध्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारा. रेघ तुटली तरच काम पुढे सरकलं. रेघ अखंड राहून सगळंच फिरत असेल तर थांबा.

ग्रब स्क्रू न पाहता जोर लावणे

फ्लॅश हायडरच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, कधी रंगाखाली दबलेलं. त्यात ग्रब स्क्रू असतो. तो तसाच ठेवून फिरवलंत तर नळीच्या आट्यांवर ओरखडा पडतो, आणि मग स्क्रू काढला तरी आटे अडकतात. भोकातली माती टाचणीने साफ करा, मगच किल्ली घाला. 3 मिलिमीटरच्या ग्रब स्क्रूला 1.5 ची एलन की (षटकोनी किल्ली) लागते, 4 मिलिमीटरच्या स्क्रूला 2 ची.

स्वस्त किल्लीचं टोक वापरून गोल होतं आणि मग ती स्क्रूचं भोकही गोल करते. किल्ली फेकू नका. टोकाचा दीड-दोन मिलिमीटर भाग कानशीने सरळ घासून टाका, आतले कोपरे पुन्हा धारदार निघतात. स्क्रूचं भोक आधीच झिजलं असेल तर 1.5 च्या जागी इंची मापाची एक सोळांश किल्ली घालून बघा, ती 1.59 मिलिमीटर असते आणि घट्ट बसते. तीही फिरली तर मोबाइल दुरुस्तीच्या संचातला टॉर्क्स (तारेच्या आकाराचा) बिट हलक्या हाताने ठोकून बसवा: 1.5 च्या भोकाला टी-6, 2 च्या भोकाला टी-8.

स्क्रू तरीही हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या तोंडावर एक-दोन मिनिटं टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. फक्त स्क्रू तापतो, रंगही वाचतो. एवढ्याने निळा थ्रेडलॉकर बहुधा सैल होतो. लाल थ्रेडलॉकरला मात्र सुमारे 250 अंश लागतात, तो प्रयोग घरी नको.

गॅसवर धरणे, तेल ओतणे

फ्लॅश हायडर बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तो साधारण 385 अंशांना वितळतो, गॅसची ज्योत त्याहून कितीतरी गरम. हेअर ड्रायर पुरे. त्याआधी वरचा रिसिव्हर (रायफलीच्या मुख्य बॉडीचा वरचा भाग) पुढे सरकवून आतली नळी हॉप-अपसकट (छऱ्याला फिरकी देणारा भाग) मागून काढून घ्या, कारण हॉप-अपचं रबर उष्णतेने आणि खनिज तेलाने दोन्हीने बिघडतं. गंज सोडवणारा स्प्रे मारायचा तोही आतली नळी बाहेर असतानाच, आट्यांच्या तोंडाशी दोन थेंब, आणि रात्रभर ठेवून द्या. खोबरेल तेलाने काही होत नाही. ते आत झिरपत नाही, वर धूळ तेवढी धरतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. त्यात ॲसिटोन असेल तर एबीएस प्लॅस्टिकची बॉडी विरघळते.

रिसिव्हर धरून पिळणे

एक हात रिसिव्हरवर, दुसऱ्या हातात पक्कड, असं केलंत की सगळा पीळ नळी आणि रिसिव्हरच्या जोडावर जातो. तिथे ओतीव धातूचे पातळ आटे असतात. ते गेले तर नवा रिसिव्हर घ्यावा लागतो. पकड फ्लॅश हायडरच्या अगदी मागे, नळीवरच हवी, आणि दोन तुकड्यांची नळी असेल तर पुढच्या तुकड्यावर.

सायकलची जुनी ट्यूब उभी कापून 15-20 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या करा. एक नळीवर, दुसरी फ्लॅश हायडरवर, दोन-दोन वेढे ताणून गुंडाळा. गुंडाळण्याची दिशा अशी ठेवा की फिरवताना पट्टी उलगडणार नाही, आवळत जाईल. नळीची बाजू सुताराच्या व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरा, फ्लॅश हायडरवर पाइप पाना लावा. झटका देऊ नका. हळूहळू वाढता दाब द्या, जरासं हललं की मागे-पुढे करत काढा. नळी प्लॅस्टिकची असेल तर पाना दूरच ठेवा, ट्यूब आणि हाताचाच जोर.

स्क्रूड्रायव्हर फ्लॅश हायडरच्या खाचेत टेकवून हातोडी मारणं हा शेवटचा उपायसुद्धा नाही. खाचांमधली पाती चेपतात आणि पाना धरायला जागाच उरत नाही. एवढं करूनही सुटला नाही तर कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडे फक्त नळी घेऊन जा, पूर्ण रायफल नव्हे. ग्रब स्क्रू मधोमध ड्रिल करून काढणं त्याला सोपं आहे.

परत बसवताना आटे ब्रशने साफ करून किंचित ग्रीस लावा. ग्रब स्क्रू टेकेपर्यंत आवळा, वर पाव फेराही जास्त नको. निळा थ्रेडलॉकर फक्त धातू-धातूच्या सांध्याला, एक थेंब. प्लॅस्टिकला लागला तर ते तडकतं. खेळातली बंदूक आहे हे दाखवणारं नारिंगी टोक काढलं असेल तर तेही जागेवर लावा.