ठराव लिहिताना शेवटच्या गावापासून सुरुवात करा

माझी 31 वर्षं ग्रामसेवकीत गेली, त्यातली बरीच सिन्नर आणि नांदगाव तालुक्यांत. उन्हाळ्यात टँकरच्या खेपांचं रजिस्टर, दिवाळीनंतर पाणीपट्टीची वसुली. आता निवृत्त आहे, तरी महिन्या-दोन महिन्यांत कोणी ना कोणी सरपंच घरी येऊन बसतात. ‘भाऊसाहेब, आम्ही आठ-दहा गावं मिळून नळयोजना करायची म्हणतोय, सुरुवात कुठून करू?’

आपल्या नाशिक जिल्ह्याला हे नवं नाही. चांदवडची 44 गाव, येवल्याची 38 गाव, नांदगावची गिरणा धरणावरची 56 खेडी; योजनांची नावंसुद्धा गावं मोजूनच पडली.

आधी पाणी. धरण भरलेलं दिसतं म्हणून ते आपलं होत नाही, पिण्यासाठीचं आरक्षण जलसंपदा विभागाकडून मंजूर व्हावं लागतं. आकडा स्वतः काढून जा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. सगळ्या गावांची मिळून 30 हजार वस्ती असेल, तर रोज साडेसोळा लाख लिटर आणि वर्षाला साधारण 21 दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन त्यावर वेगळं. पाणी कालव्याच्या आवर्तनातून, म्हणजे कालव्याला पाळीनं सुटणाऱ्या पाण्यातून, उचलणार असाल तर साठवण तळ्याचं माप नीट तपासा. दोन आवर्तनांत 40 दिवसांचं अंतर पडलं, तर 6 कोटी 60 लाख लिटर साठा हाताशी हवा. तळं लहान निघालं की पस्तिसाव्या दिवशी गाळ उपसायची वेळ येते.

मग ग्रामसभा. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. कोरम जमतो. खरी मेख ठरावाच्या शब्दांत असते. सगळ्या गावांचा ठराव एकाच मसुद्यावरून, अक्षर न् अक्षर सारखा हवा. आमच्या एका योजनेत एका गावानं ‘पाणीपट्टी भरू’ऐवजी ‘पाणी मिळाल्यास पाणीपट्टी भरू’ असं प्रोसिडिंगला लिहून घेतलं. तेव्हा कोणी वाचलं नाही, मीसुद्धा नाही. पुढं दोन वर्षं त्या एका ‘मिळाल्यास’वर थकबाकी लटकली. पंप चार दिवस बंद राहिला की त्यांच्या हिशेबात अख्खा महिना माफ.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जुलैत विहिरींना पाणी उतरलं की निम्म्या गावांना योजना नकोशी होते. ‘आम्ही नळ सोडतच नाही तर पैसे कसले?’ असा सवाल येतो. पण ऑपरेटरचा पगार, जलशुद्धीकरणाचा खर्च, विजेचा स्थिर आकार बाराही महिने असतो. म्हणून ठरावात लिहा: पाणी घ्या वा न घ्या, किमान आकार बारमाही. हे कलम न घालता उभ्या राहिलेल्या योजना मी पोळ्यापर्यंत आजारी पडताना पाहिल्यात.

विजेच्या बिलाला लोक उगाच घाबरतात. साडेसोळा लाख लिटर पाणी 60 मीटर चढवायला, पंप-मोटर 60 टक्के कार्यक्षम धरली तर दिवसाला 450 युनिटच्या आसपास लागतात. महिन्याला साडेतेरा हजार. सहा हजार घरांत वाटा, घरटी सव्वादोन युनिट. लांब पाइपातल्या घर्षणासाठी दुप्पट धरा, तरी साडेचार. बिल झेपण्यासारखं असतं, गोळा होत नाही एवढंच.

गोळा का होत नाही? कारण कोणी किती पाणी घेतलं हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक गावाच्या टाकीआधी बल्क मीटर, म्हणजे अख्ख्या गावाचं पाणी मोजणारा मोठा मीटर, बसवून घ्या. ठेकेदार ‘नंतर बसवू’ म्हणेल, ऐकू नका. गावाच्या ग्राम पाणीपुरवठा समितीनं घरोघरी वसूल करायचं आणि मीटरच्या आकड्याप्रमाणे सगळ्या गावांच्या मिळून असलेल्या शिखर समितीला भरायचं. शिखर समितीत प्रत्येक गावाचा प्रतिनिधी, अध्यक्षपद आळीपाळीनं, आणि पहिली पाळी मुख्य वाहिनीवरच्या सगळ्यात शेवटच्या गावाला. हा माझा हट्ट आहे. पहिल्या गावाच्या अध्यक्षाला पाणी कमी पडल्याचं कळायलाच महिना जातो.

शेवटच्या गावाचं पाणी कुठं जातं ते एकदा व्हॉल्व्हमनच्या मोटरसायकलवर मागं बसून बघा. मी गेलो होतो. बारा किलोमीटरमध्ये तीन एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातली हवा सोडणारे व्हॉल्व्ह, ढिले केलेले. एकाखाली प्लास्टिकचा ड्रम, दुसऱ्याखाली गुरांची डोणी, तिसऱ्यापासून थेट कांद्याच्या रोपापर्यंत काढलेला चर. तिसऱ्याचा शेतकरी आमच्याच समितीचा सदस्य. म्हणून व्हॉल्व्हला चेंबर आणि कुलूप अंदाजपत्रकातच धरा, आणि किल्ली सदस्याच्या घरी ठेवू नका.

नगरपालिका सोबत येणार असेल तर फायदा आहे, मोठा गिऱ्हाईक मिळतो. तिच्या सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र वेगळा, आणि पैशाची वाटही वेगळी, कारण जलजीवन ग्रामीण भागासाठी आहे, शहराचा हिस्सा अमृतसारख्या योजनेतून यावा लागतो. टंचाईत कोणाची कपात किती टक्के, हे आधीच लिहून घ्या. मे महिन्यात ही चर्चा काढाल तर शहरच जिंकतं.

लोकवर्गणी विसरू नका: गावातल्या कामांच्या 10 टक्के, डोंगराळ-वनक्षेत्रात किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर 5 टक्के. सुरगाणा-पेठकडच्यांनी हे खास बघावं.

काम झालं की हस्तांतरणाच्या, म्हणजे योजना ताब्यात घेतल्याच्या, सहीची घाई सुरू होते. सही चैत्र-वैशाखातच करा, आणि त्याआधी शेवटच्या गावातल्या शेवटच्या घरी 15 लिटरची बादली घेऊन जा. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 18 बादल्या आणि वर थोडं. पाणी तासभर सुटणार असेल तर एक बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे. त्या वेळी गल्लीतले बाकीचे नळही चालू असू द्या. पाच मिनिटं लागली तर पेन खिशात ठेवा आणि चहा घेऊन परत या.