लुडबुडीतून काम : दीड ते पाच वर्षांच्या मुलांना घरकामात कसे सामील करून घ्यावे

मूल चालू-फिरू लागले की मोठ्यांच्या प्रत्येक कामात त्याची लुडबुड सुरू होते. कपड्यांच्या घड्या घालायला बसावे तर ते ढिगाऱ्यातच येऊन बसते, झाडू हातात घ्यावा तर त्याचे दुसरे टोक धरून ओढते, आणि चमच्यांचा खण तर त्याला स्वतःलाच उघडायचा असतो. अशा वेळी मुलाला उचलून खेळण्यांपुढे बसवले जाते आणि मग त्याला कशात गुंतवून ठेवावे, हा प्रश्न रोज नव्याने पडतो. मला अनुभवाने असे वाटते की या प्रश्नाचे उत्तर त्या लुडबुडीतच असते. या वयाच्या मुलाला मोठ्यांचे खरे काम हाच सर्वांत भरीव खेळ वाटतो. ते काम त्याच्या हाताला पेलेल असे करून देणे एवढेच आपल्याला करायचे असते.

मुलांची ही ओढ फार लवकर दिसू लागते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १८ महिन्यांच्या मुलांनी, कोणतेही बक्षीस नसताना, अनोळखी माणसाच्या हाताला न पोहोचणारी वस्तू उचलून दिली आणि ज्याचे दोन्ही हात भरलेले होते त्याच्यासाठी कपाटाचे दार उघडून दिले. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले. पुढे त्यांच्या पद्धतीत झाडणे, पुसणे, ओतणे, बटणे लावणे अशा रोजच्या कामांना जे मानाचे स्थान मिळाले, ते मुलांची हीच ओढ पाहून.

सुरुवात साधनांपासून करावी. खेळण्यातल्या झाडूने केर निघत नाही आणि मुलाला ते लगेच कळते. म्हणून साधन खरे असावे, फक्त आकाराने लहान असावे. झाडूचा दांडा मुलाच्या उंचीचा हवा. पुसायचा फडका मोठ्या रुमालाच्या पाव भागाएवढा हवा, कारण मोठा फडका लहान मुठींना पिळता येत नाही, आणि न पिळलेल्या फडक्याने पुसले की ओल आणखी पसरते. पाणी ओतण्याचे भांडे हलके, रुंद कानाचे आणि बिनझाकणाचे असावे. या वस्तूंना मुलाचा हात पोहोचेल अशी ठरलेली जागा असावी आणि ती सहसा बदलू नये, कारण फडका कुठे असतो हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते सांडल्यावर रडत बसण्याऐवजी फडक्याकडे जाते.

वेळेचे गणित साधनांपेक्षा अवघड आहे. घराबाहेर पडायची घाई असेल, मूल भुकेले असेल किंवा झोपेला आले असेल, तर कोणतेही नवे काम त्याच्या हाती देऊ नये. अशा वेळी दिलेले काम अर्ध्यावर काढून घ्यावे लागते, आणि त्यातून होणारी रडारड मुलाच्या हट्टामुळे होते असे म्हणणे योग्य नाही. दुपारची झोप आणि खाणे झाल्यानंतरचा अर्धा तास बहुधा चांगला जातो. त्या अर्ध्या तासात दोन वर्षांचे मूल पाच-सहा मिनिटेच कामात रमले, तरी ती पाच-सहा मिनिटे पूर्ण मानावीत.

आता दाखवण्याविषयी. बहुतेक मोठी माणसे दाखवताना सतत बोलत राहतात, आणि मूल हातांकडे पाहण्याचे सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागते. काम एकदा आरंभापासून शेवटपर्यंत, नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने आणि शक्यतो न बोलता करून दाखवावे, आणि मग साधन त्याच्या हाती द्यावे. अनेक टप्प्यांच्या कामात शेवटचा टप्पा आधी मुलाकडे सोपवावा. मोजा घालताना आपण तो टाचेच्या वर आणावा आणि उरलेला मुलाला ओढू द्यावा. ते जमले की पुढच्या खेपेस टाचेच्या खाली थांबावे, आणि असे करत करत बोटांपर्यंत यावे. असे मागून पुढे शिकवल्यामुळे मुलाच्या वाट्याला प्रत्येक वेळी काम पुरे झाल्याचा क्षण येतो. चड्डी वर ओढणे, चेन सरकवणे, डब्याचे झाकण लावणे या सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

पाणी ओतणे हे माझ्या मते पहिले काम असावे, कारण त्यात हात, डोळा आणि धीर या तिन्हींना सारखेच वळण लागते. एका ताटात एक लहान भांडे आणि एक पेला ठेवावा. भांड्यात पेल्यात मावेल त्याहून कमीच पाणी घ्यावे, आणि कुठे थांबायचे ते दिसावे म्हणून पेल्याला बाहेरून रंगीत चिकटपट्टीची एक रेघ लावावी. मग पाहत राहावे. मूल भांडे दोन्ही हातांनी उचलते, ओठ मिटते, पाण्याची धार पेल्याच्या काठावर आपटते आणि निम्मे पाणी ताटात जाते. त्यानंतर ते मान वर करून आपल्या चेहऱ्याकडे पाहते. त्या क्षणी आपण काय करतो यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. घाईने पुसायला धावू नये, हसूही नये. शेजारी ठेवलेला स्पंज नुसता पुढे सरकवावा. अनेक मुलांना ओतण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आनंद स्पंजमध्ये पाणी टिपून ते पिळण्यात मिळतो.

तेच पाणी बुटक्या रुंद भांड्यातून उंच अरुंद पेल्यात ओतले की चार वर्षांचे मूल ठामपणे सांगते की आता पाणी जास्त झाले. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचारांचा हा टप्पा सविस्तर नोंदवला आहे, आणि साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास ही समज आपोआप बदलते. तेव्हा मुलाला चूक दाखवून वाद घालू नये; त्याला पुन्हा पुन्हा ओतू द्यावे. ओतण्यासाठी कोरडे दाणे किंवा मणी मात्र तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नयेत, कारण ते तोंडात, नाकात किंवा कानात जातात.

कपड्यांच्या ढिगाऱ्यात तर कामांची खाणच असते. आमची मुलगी अडीच वर्षांची असताना मोज्यांच्या जोड्या लावणे हा तिचा ठरलेला उद्योग होता. सुरुवातीला मी सगळेच मोजे तिच्यापुढे ओतले, आणि तिने ते हवेत उडवले. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी रंग आणि आकार अगदी वेगळे असलेल्या तीनच जोड्या ठेवल्या. तिने एकेक मोजा आपल्या पावलाशेजारी धरून पाहिला, मोठ्यांचे बाजूला केले, आणि स्वतःचा मोजा सापडल्यावर दुसरा शोधायला घरभर हिंडली. तो दुसरा मोजा तिच्या पायातच होता. तीन जोड्या सहज जमू लागल्यावर पाच, आणि मग एकसारख्या रंगाच्या, अशी चढण हळूहळू वाढवता येते.

घडी घालण्यासाठी रुमालापासून सुरुवात करावी. रुमालाच्या मधोमध वेगळ्या रंगाच्या धाग्याने एक धावदोरा घालून ठेवला, तर मुलाला घडी कुठे मोडायची ते सांगावे लागत नाही. कडेला कड जुळवून ते त्या ओळीवर दुमडते. कपडे वाळत घालताना चिमटे मुलाच्या हाती द्यावेत. चिमटा उघडताना अंगठा आणि पुढची दोन बोटे जी ताकद लावतात, तीच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. टोपलीच्या काठावर चिमटे लावणे आणि काढणे हे तेवढ्यासाठीच पुरेसे काम आहे.

झाडताना मुले केर पुढे ढकलण्याऐवजी चहूकडे पसरवतात, कारण तो कुठे न्यायचा हेच त्यांना दिसत नसते. जमिनीवर चिकटपट्टीचा एक चौकोन आखावा, आजूबाजूला कागदाचे मोठे कपटे टाकावेत आणि ते चौकोनात आणून मग सुपलीत भरायला दाखवावे. आठवडाभरात चौकोनाची गरज उरत नाही.

जेवणापूर्वी प्रत्येकाच्या जागेसमोर एकेक चमचा ठेवण्याचे काम तीन वर्षांच्या मुलाला जरूर द्यावे. या वयाची मुले दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण 'मला चार चमचे दे' असे म्हटले तर मूठभर चमचे उचलून देतात, कारण आकड्यांची ओळ आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाला एक चमचा असे मांडत गेले की प्रत्येक आकडा एका वस्तूशी बांधला जातो. चमचा कमी पडला तर 'कोण राहिले?' एवढेच विचारावे आणि उत्तर मुलाला शोधू द्यावे.

कपडे घालण्याच्या बाबतीत दोन युक्त्या फार उपयोगी पडतात. जाकीट जमिनीवर उताणे पसरून गळ्याकडची बाजू मुलाच्या पायांशी ठेवावी; मुलाने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालावेत आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकावे, की ते अंगात बसते. बुटांचा डावा-उजवा ओळखण्यासाठी एका चित्राच्या चिकटचिठ्ठीचे दोन भाग करून एकेक भाग प्रत्येक बुटाच्या आतल्या तळाला, आतल्या कडेशी चिकटवावा. बूट योग्य बाजूंना ठेवले की चित्र जुळते. बटणांबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की काढणे लावण्याच्या आधी जमते, आणि मोठी बटणे लहान बटणांच्या आधी.

आवराआवर हा बहुतेक घरांतला रोजचा वादाचा विषय असतो. 'सगळे आवर' ही सूचना दोन-तीन वर्षांच्या मुलाला पेलत नाही, कारण 'सगळे' म्हणजे नेमके काय हे त्याला ठरवता येत नाही. 'ठोकळे टोपलीत टाक' असे एकच काम सांगावे आणि आपणही खाली बसून त्याच्याबरोबर दोन ठोकळे टाकावेत. टोपलीवर आतल्या वस्तूचे चित्र लावले तर जागा विचारावी लागत नाही. मला सर्वांत मोठा फरक मात्र खेळणी निम्मी केल्यावर दिसला. उरलेली खेळणी नजरेआड ठेवून दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल केली, की पसाराही कमी होतो आणि जुनी वस्तू नव्याने आवडू लागते.

बोलताना काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे. 'सांडू नकोस' म्हटल्याने हातांना काहीच कळत नाही. 'दोन्ही हातांनी धर' म्हटले की हात आपले काम करतात. काम झाल्यावर खाऊ किंवा चिकटचित्र देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्याच २००८ मधील अभ्यासात, मदतीबद्दल वस्तूरूप बक्षीस मिळालेल्या २० महिन्यांच्या मुलांनी नंतर इतर मुलांपेक्षा कमी मदत केली. 'तू मोजे जुळवलेस, आता ते लगेच सापडतील' असे घडले तेवढे सांगणे पुरते. मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्या देखत पुन्हा सरळ घालू नये. करायचीच असेल तर ते झोपल्यावर करावी. पण खरे तर तशीच कपाटात ठेवावी.

एखादे दिवशी मूल 'नाही' म्हणेल. त्याला दोन कामांतून एक निवडू द्यावे, आणि दोन्ही नको असतील तर विषय सोडून द्यावा. खरे काम ही सक्ती झाली की त्यातली ओढ जाते आणि ती परत आणायला फार दिवस लागतात.

सुरक्षिततेबाबत मात्र कुठलीही तडजोड नको. लहान मूल ५ सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते, म्हणून पाण्याचे काम चालू असताना क्षणभरही उठून जाऊ नये आणि काम संपताच बादली रिकामी करून पालथी घालावी. ६० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी प्रौढ माणसाची त्वचा सुमारे पाच सेकंदांत भाजते आणि मुलाची त्वचा त्याहून पातळ असते, तेव्हा मुलाच्या कामाला साधे, फार तर कोमट पाणीच घ्यावे. पुसण्यासाठीही नुसते पाणी पुरते. सफाईची रसायने कुलपात असावीत. आवरताना सापडणाऱ्या लहान वस्तूंवर नजर ठेवावी, विशेषतः रिमोटमधील किंवा वजनकाट्यातील चपट्या गोल बॅटऱ्यांवर, कारण अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

हे सगळे एकदम सुरू करू नये. एकच काम निवडावे, ते रोज साधारण त्याच वेळी द्यावे, आणि मूल काम संपल्यावर न सांगता स्वतः जाऊन फडका घेऊन येऊ लागले, की मगच दुसऱ्या कामाचे साधन त्याच्या जागेवर ठेवावे.