फाटका आवाज मुद्दाम काढायचा तर

सांगलीत गेली पंचवीस वर्षं माझा लाऊडस्पीकरचा धंदा आहे. आवाज फाटू नये म्हणून एवढी वर्षं राबलो, आणि आता हौसेनं फाडायला शिकलोय. शिकागो ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या एका बाजाचा, माउथ ऑर्गन. कुणाला शिकायचा असेल तर ऐका.

दुकानदार २४ भोकांचा पुढं करेल, तो घेऊ नका. त्यात एका सुराला दोन पात्या असतात, सूर थरथरतो पण वाकत नाही. माझे पैसे त्यातच गेले. १० भोकांचा, सी पट्टीचा मागा. सी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी एक. पण सा धरायचा पांढरी पाचचा. दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की तो येतो. या बाजात फुंकण्यापेक्षा ओढणं जास्त.

आता तिसरं भोक ओढा. शुद्ध गंधार लागेल. ओढता ओढताच जीभ मागं न्या, तोंडात 'ई'चा 'ऊ' करा. सूर खाली घसरतो. पार कोमलापर्यंत नेऊ नका, अलीकडंच थांबा. ब्लूजचा गंधार तिथं राहतो. पेटीवाल्याला तो सापडायचा नाही, गाणाऱ्याला लगेच कळेल. मला महिना लागला. घरच्यांनी गच्चीवर पिटाळलं होतं.

चाल सोपी: चार-चार मात्रांची १२ घरं. चार घरं सा (म्हणजे गिटारवर सा ची कॉर्ड), दोन म, दोन सा, मग प एक, म एक, शेवटी दोन सा. गिटारवाला मित्र धरून आणा.

खरी गंमत माइकची. १९४३ साली ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स मिसिसिपीतून शिकागोला गेला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची आली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक शेजारच्या घरातून वायर ओढून वाजवत. मडी वॉटर्सच्याच बँडमधल्या लिटल वॉल्टरनं माइक आणि ऑर्गन एकाच ओंजळीत घट्ट धरला. त्याची १९५२ ची 'ज्यूक' ही धून ऐका. ऑर्गन कसला, सॅक्सोफोनच वाटतो.

तुम्हीही तसंच धरा. फट राहिली की आवाज पातळ. ओंजळ बंद झाली की तीक्ष्णपणा दबतो, खर्ज फुगतो, आणि छोटा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाढवलात की कडा खरबरीत होतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ना, तसा हा मुद्दाम ठेवलेला खरखराट. माझ्यासारखा साउंडवाला तो 'दुरुस्त' करायला धावेल, त्याला लांब ठेवा.

स्पीकरनं शिट्टी मारली तर त्याच्यासमोरून बाजूला व्हा. आणि अर्थिंग आधी तपासा. तुमचे ओठ धातूला लागलेले असतात, हात माइकवर असतो. माझ्या ओठांना एकदा झिणझिण्या आल्या, तेव्हापासून टेस्टर खिशात असतो.