जेम चेंबरला व्होल्टेज चढवताना

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगातल्या जेम चेंबरवर (कण टिपणारी वायूने भरलेली पेटी; आतल्या तीन भोकाभोकांच्या फॉइलवर व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन वाढवतात) नवीन मुलं आली की मी आधी बजावते: घाई नको. फॉइल म्हणजे 50 मायक्रॉनचं पॉलिइमाइड, दोन्हीकडे 5 मायक्रॉन तांबं आणि सुमारे 70 मायक्रॉनची भोकं. एका भोकात धुळीचा कण अडकला की ठिणगी ठरलेलीच.

क्लीनरूममध्ये चिकट रोलर फिरवा, मग मेगरने (रोध मोजायचं उपकरण) साधारण 550 व्होल्ट द्या. रोध 10 गिगाओहमच्या वर गेला तरच फॉइल पुढे न्या. सुरुवातीला दोन-चार ठिणग्या उडतात, उडू द्यात. कचरा जळून जातो. थांबेचनात तर पुन्हा साफसफाई.

चेंबर बंद केल्यावर लगेच आर्गॉन सोडू नका. आधी शुद्ध कार्बन डायऑक्साइड. त्यात इलेक्ट्रॉन फारसे वाढत नाहीत. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा आणि करंट स्थिरावेपर्यंत थांबा. (या वेळात चहाला जायचं नाही!) करंट उसळून खाली आला तर ठीक, वरच चिकटून राहिला तर शॉर्ट समजा.

मग 70:30 आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड. इथे अल्फा कण (किरणोत्सर्गातले जड कण) छळतात: एकाच जागी कोटीभर इलेक्ट्रॉन जमले की ठिणगी पेटते. म्हणून गेन (इलेक्ट्रॉन किती पट वाढतात ते) तिन्ही फॉइलवर वाटा, तिसरीवर सगळ्यात कमी व्होल्टेज ठेवा.