तन्मणी, नथ घरी करताय? मोत्यांच्या बाबतीत या चुका टाळा

बडोद्यात आता बऱ्याच मराठी घरांत नथ, तन्मणी, चिंचपेटी हाताने करून विकतात आणि छानच करतात, पण थोड्या महिन्यांत गिऱ्हाईक परत येतं की मोती खोटे निघाले. बहुतेक वेळा मोती खोटे नसतातच हो. गोड्या पाण्यातला कल्चर्ड मोती बहुधा शिंपल्यात नुसता मांसल पडद्याचा तुकडा ठेवून वाढवतात, आत मणी नसतो, म्हणजे जवळजवळ आरपार मोतीच. बिघडतं ते आपण त्याला जे लावतो त्याने.

सगळ्यात मोठी चूक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. स्वस्त आहे, सुईशिवाय ओवता येतो म्हणून सगळे तोच घेतात, पण ताठ असतो, सर गळ्यावर नीट पडत नाही, गाठ सुटते आणि तुटला की सगळे मोती जमिनीवर. रेशमी दोरा घ्या आणि प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारा, सुईच्या टोकाने ती मोत्याला पार चिकटवा, मग दोरा तुटला तरी एखादाच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. गाठ भोकातून आत सटकतेय? दोरा बारीक आहे, दुहेरी घ्या. गाठ आणि मोती यात फट दिसायला लागली की रेशीम सैल झालंय. रोज वापरातला सर वर्षा-दोन वर्षांनी परत गाठवावाच लागतो, हे विकतानाच सांगा, लपवू नका.

भोक लहान वाटलं म्हणून कोरडं ड्रिल फिरवू नका, गरम होऊन कडेची कपची उडते. मोती ओला ठेवून हाताच्या रीमरने, म्हणजे भोक मोठं करायच्या बारीक कानशीने, हळूहळू, आणि भुकटी नाकात जाऊ देऊ नका.

टॉप्सच्या अर्ध्या भोकात इन्स्टंट ग्लू नको, तो ठिसूळ असतो, धक्का लागला की मोती निखळतो. दोन ट्यूब मिसळायचं इपॉक्सी घ्या, आधी मोती बसतो ती खुंटी थोडी खरवडून, पुसून. नथीला पितळी तार असेल तर वरचं सोन्याचं पाणी उडालं की घामाने हिरवी पडते. नाकात जाणाऱ्या भागाला निकेल तर नकोच, पुष्कळ जणींना पुरळ उठतं.

चिंच, लिंबू, चांदी चमकवायचं डिप यातलं काहीही मोत्याला लावू नका, मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबटाने झिजतो. टूथपेस्टने ओरखडे पडतात. ओलसर मऊ कपड्याने पुसा, बस. अत्तर आधी, मोती शेवटी.

आणि बसरा मोती. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६० च्या दशकात करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्यामुळे आपल्याला त्या नावाचं अप्रूप आहेच, पण ते आखातातले नैसर्गिक समुद्री मोती, गोड्या पाण्यातल्या लडीला बसरा म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. दातावर घासून खरखर लागली तर काचेचा नाही एवढंच कळतं, नैसर्गिक की कल्चर्ड हे लॅबमधल्या एक्स-रेनेच ठरतं. बिलावर स्वच्छ लिहा, गोड्या पाण्यातले कल्चर्ड, आणि लड काळी किंवा मोरपंखी असेल तर रंगवलेली असंही लिहा, कारण या मोत्यांचे मूळ रंग पांढरा, क्रीम, पीच, गुलाबी, जांभळट असेच असतात.